साठच्या खाली

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

पोहोचले एकदाची नागपूरच्या बेसाला. खोली माझी एकटीची, खिडकी माझी एकटीची, आणि वर गिझर! चार वर्षं हॉस्पिटलच्या हॉस्टेलात सहा जणींत एक आरसा होता. इथे आरशासमोर भांडायला कोणी नाही, म्हणून सकाळपासून तीनदा वेणी घातली.

डायरी लिहायचं ठरवलंय. नर्सिंगच्या मॅडम म्हणायच्या, कामिनी गजभिये, रोज लिही आणि शुद्ध लिही, उमरेडच्या बोलीत नको. पाहू शुद्ध किती दिवस टिकतं.

पेशंट गोपाळराव, शहात्तर वर्षांचे. शेतकी खात्यातून रिटायर झालेले, मूळ गाव रामटेकजवळ, धानाची शेती अजून आहे. हृदय मोठं झालंय आणि ठोके बेताल पडतात. गेल्या महिन्यात ॲडमिट होते. मुलगा सुशीलभाऊ कळमेश्वरच्या कारखान्यात शिफ्टला जातो, सून प्रीतीताई बँकेत. दिवसभर घरी काका एकटे, म्हणून मला ठेवलं.

औषधांचा डबा पाहिला आणि डोकंच फिरलं. बिस्किटाच्या डब्यात सगळ्या स्ट्रिपा एकमेकींच्या गळ्यात गळा घालून पडलेल्या. पाणी काढायची गोळी रात्री देत होते, आणि वरून तक्रार की बाबा झोपत नाहीत. बाप्पा, माणूस रात्रभर बाथरूमच्या चकरा मारेल तर झोपेल कधी? ती सकाळी लावली. रक्त पातळ करायची जेवणानंतर. बीपीची गोळी एकदम बंद करायची नाही, कितीही बरं वाटलं तरी, हे प्रीतीताईंना बजावलं. जिभेखाली ठेवायची गोळी काकांच्या उशाशी ठेवली आणि सांगितलं की ही बसूनच घ्यायची, उभ्यानं घेतली तर चक्कर येऊन आपटाल. काकांनी विचारलं, बसून घेतली तर सोबत चहा मिळतो का. माणूस गमतीचा आहे. मला आवडला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी वजन, बीपी, पायाची सूज, नाडी. सूज घोट्यापर्यंतच आहे, बोट दाबलं तर खळगा थोडा वेळ राहतो.

काकांच्या गोळ्यांत सगळ्यात लहान आणि सगळ्यात खोडकर गोळी म्हणजे डिगॉक्सिन. हृदयाला जोर देते पण ठोके सावकाश करते. म्हणून द्यायच्या आधी नाडी मोजायचीच, आणि पूर्ण मिनिट मोजायची. अर्ध्या मिनिटाची दुप्पट केली तर बेताल ठोक्यांत फसगत होते. दोन बोटं ठेवायची, अंगठा नाही, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते. साठच्या खाली असली तर गोळी थांबवायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. ही गोळी अंगात जास्त झाली तर आधी भूक मरते, मग मळमळ, मग दिव्याभोवती पिवळी-हिरवी वर्तुळं दिसतात. डॉक्टरांनी सोमवार ते शुक्रवार दिलीय, शनिवार-रविवार सुट्टी. काका म्हणाले, सरकारी गोळी दिसते.

नाडी ब्याऐंशी. गोळी दिली. वळून पाहते तर प्रीतीताई त्याच स्ट्रिपमधून आणखी एक काढून वाटीत टाकतात! मी त्यांचा हातच धरला. दुप्पट डोस गेला तर माणूस हातचा जाईल, असं मोठ्यानं बोलले. त्या ओशाळल्या. म्हणाल्या, ही बाबांची नाही, आईंची.

आई म्हणजे सुभद्राकाकू, काकांच्या पत्नी. दोन वर्षांपूर्वी वारल्या. त्यांनाही हाच आजार, हीच गोळी. बाई औषधाच्या भारी शिस्तीच्या. सकाळी गोळी घेतल्याशिवाय अन्नाचा कण तोंडात घालायच्या नाहीत. दहाव्याला अंभोऱ्याच्या नदीवर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. सुशीलभाऊंनी सांगितलं, शेत विकणार नाही. प्रीतीताईंनी सांगितलं, बाबांना अंतर देणार नाही. कावळा झाडावर मान वाकडी करून बसलेला. ऊन डोक्यावर आलं. शेवटी काका पुढे झाले आणि म्हणाले, सुभद्रे, तुझी गोळी चुकू देणार नाही. कावळा लगेच खाली उतरला.

तेव्हापासून मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली काकूंची वेताची खुर्ची आहे, तिच्या बाजूच्या स्टुलावर रोज वाटीत एक गोळी आणि पेलाभर पाणी ठेवतात. शनिवार-रविवार सुट्टी.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आमच्याकडे हे असलं काही नाही. माझ्या आजीनं छप्पन साली दीक्षाभूमीवर प्रतिज्ञा घेतल्या, त्यात श्राद्ध नाही आणि पिंडदानही नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, दुसऱ्याच्या घरी आहेस, त्यांचं त्यांना करू दे, तू आपलं काम पाहा. पण औषध वाया जाऊ न देणं हेही माझंच काम आहे ना.

दहा वाजता पाहिलं तर वाटी रिकामी. खार नेत असेल म्हटलं. मग वाटलं, खार ही गोळी खाऊन जगेल कशी? कंपाउंडच्या मागे जाऊन मेलेली खार शोधून आले. नाही सापडली. नाल्याकाठच्या काट्यांत ओढणी मात्र फाटली.

संध्याकाळी प्रीतीताई म्हणाल्या, उद्यापासून बँकेत लवकर जायचंय, आईंची गोळी तुम्हीच ठेवाल का. मी साफ नाही म्हटलं. काका ऐकत होते. ताटातली भाकर तशीच ठेवून उठले. मला वाईट वाटलं. म्हातारा माणूस, त्याचा शब्द गुंतलेला. मग मीच वातावरण हलकं करायला म्हटलं की ठेवते, पण माझा नियम सगळ्यांना सारखा. बिना नाडी मोजता ही गोळी मी कोणालाच देत नाही, काकूंनाही नाही.

काका खोकला येईपर्यंत हसले. मग डोळे पुसत म्हणाले, तर मोज ना.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मोजली.

म्हणजे काकांच्या समाधानासाठी. सकाळी छान कोवळं ऊन पडलं होतं, काका ओसरीत बसून पाहत होते. मी खुर्चीजवळ पाटावर बसले, खुर्चीच्या हातावर मनगट जिथे यावं तिथे दोन बोटं ठेवली आणि घड्याळ पाहू लागले. नाटक करायचं तर नीट करायचं.

एक ठोका लागला.

माझाच असेल म्हणून हात बदलला, बोटं बदलली. थोड्या वेळानं पुन्हा लागला. मिनिटात सात. वेत असतो, उन्हानं तडकत असेल. मी हसत उठले आणि खुर्चीला सांगितलं की काकू, साठच्या खाली आहे, गोळी मिळणार नाही. साठ झाली की देईन. आणि गोळी वाटीतून काढून परत डबीत टाकली.

काका हसले नाहीत. माझ्याकडे पाहत राहिले, एखाद्या मोठ्या माणसानं निकाल दिल्यावर पाहतात तसे. दिवसभर थोडे सुस्त होते. संध्याकाळी नाडी पंच्याहत्तर. ठीक आहे, थंडीत होतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

काका पहाटेपासून तयार होऊन ओसरीत. मी म्हटलं, आज नको. ते म्हणाले, ती वाट पाहत असेल.

चौदा लागले. आज वेत लागला नाही बोटांना. कातडी लागली. म्हातारी, सैल, मऊ कातडी, आणि खाली शीर. चार वर्षांत हजार मनगटं धरली असतील, मला कातडी कळते. भीती वाटायला हवी होती, पण आधी हेच मनात आलं की बाईला ॲनिमिया असावा, नाडी फार बारीक आहे. मग हात झटकून उठले. गोळी दिली नाही.

संध्याकाळी काकांची नाडी अडुसष्ट.

रविवार, ९ फेब्रुवारी

दोन दिवस गोळीची सुट्टी. खुर्चीकडे कोणी फिरकलं नाही आणि काका एकदम टवटवीत! नाडी ब्याऐंशी. सुशीलभाऊ घरी होते, त्यांनी वांग्याची भाजी केली, काकांनी दोनदा मागून घेतली. मी तिखट-मिठावरून सुशीलभाऊंना बोलले, ते म्हणाले, सिस्टर, एक दिवस तर जगू द्या माणसाला. संत्री सोलून गच्चीवर बसलो. काकांनी रामटेकच्या गडावरच्या माकडांनी त्यांच्या लग्नातला फेटा कसा पळवला ते सांगितलं. हसून हसून पोट दुखलं.

शुक्रवारचं मला काय झालं होतं कोणास ठाऊक. झोप कमी पडली असेल. उद्यापासून ते नाटक बंद. गोळी ठेवायची आणि निघून यायचं.

सोमवार, १० फेब्रुवारी

ठेवली आणि निघून आले. न मोजता.

दहा वाजता गोळी वाटीतच. अकरालाही. कावळा भिंतीवर बसलेला, उतरेना. काका जेवेनात. म्हणाले, तूच तिले सांगितलं ना, नाडी मोजल्याबिगर देत नाही म्हणून. ती नियमाची आहे. आता ती न मोजता घेणार नाही.

दुपारी मी स्वयंपाकघरात कप धूत होते. नळ चालू, डावा हात साबणाचा, उजवा मोकळा. कोणीतरी माझ्या मोकळ्या हातात मनगट ठेवलं. पेशंट ठेवतो तसं, उताणं, आपण होऊन. वजन होतं त्याला.

कप फुटला. पण माझी बोटं सोडत नव्हती, ती मोजत होती. सवयच ती. नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि मिनिट पूर्ण होईपर्यंत मी तशीच उभी. चोवीस. मग हात रिकामा झाला.

मी धावत काकांकडे गेले. अठ्ठावन्न.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

काल संध्याकाळीच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी डिगॉक्सिन थांबवायला सांगितलं, बीपीची गोळी अर्धी केली, आज रक्त तपासलं. पोटॅशियम बरोबर, अंगातलं औषधाचं प्रमाण बरोबर, किडनी बरोबर. ईसीजीत नवीन काही नाही. डॉक्टर म्हणाले, तुम्ही वेळेवर थांबवलंत, छान केलंत, लक्ष ठेवा.

काय छान. सात आणि पंच्याहत्तर. चौदा आणि अडुसष्ट. चोवीस आणि अठ्ठावन्न. तिन्ही वेळा बेरीज ब्याऐंशी. काकांची पूर्ण नाडी ब्याऐंशी.

साठ झाली की देईन, असं मीच बोलले. मेलेल्या माणसाला नाडी कुठून असणार? मी सांगितलं म्हणून ती बिचारी आणून राहिली. ज्याच्याकडून हक्कानं मागता येते त्याच्याकडून.

बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रीतीताईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, आई तशा नव्हत्या, त्यांनी कोणाचं वाईट केलं नाही. मी म्हटलं, वाईट नाहीच करून राहिल्या, नियम पाळून राहिल्या. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि दोन दिवस सुट्टी घेता का म्हणून विचारलं. सुट्टी घेऊन पेशंट कोणाच्या भरोशावर टाकू?

आज मनगट आलं ते काकांना पेज भरवताना. डाव्या हातात चमचा, उजव्यात ती. मोजणार नाही म्हणून डोळे मिटले, तर बोटं आतल्या आत मोजत होती. तीस. माझ्या चेहऱ्यावरून काकांना कळलं. मी म्हटलं, काका, तुमची ओढली जात आहे, तुम्हीच त्यांना नाही म्हणा, तुमचं ऐकतील. काकांनी चमचा बाजूला केला.

"मले काही दुखून नाही राहिलं, पोरी. गुरुवारपासून उपाशी आहे ती. तिचा हात गरम झाला का, तेवढं सांग."

हात गरम झाला होता. मी सांगितलं नाही. बाहेर येऊन रडले. मला हा म्हातारा जगायला हवा आहे, बस. माझ्या बोलण्यानं हे लागलंय, तर माझ्या हातूनच सुटायला हवं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

खोटं बोलले.

सकाळी आपण होऊन खुर्चीजवळ गेले. मनगट होतंच. चौतीस मोजले आणि मोठ्यानं म्हटलं, "साठ भरली, काकू. घ्या." वाटीत गोळी टाकली. वाटलं, घेतील, जेवतील, समाधान होईल, काकांची नाडी सोडतील. पाण्याचा पेला हलला. वाटीकडे पाहिलं तर गोळी नव्हती. मी पाहत होते, कावळा उतरला नव्हता.

मी सुटले म्हणून हसले. खरंच हसले मी.

दुपारी काकांनी पेज नको म्हटलं. मग मळमळ. मग उलटी. चार वाजता त्यांनी मला विचारलं, खिडकीच्या उजेडाभोवती हे पिवळं-हिरवं काय फिरून राहिलं आहे.

तीन दिवसांत डिगॉक्सिनची एकही गोळी दिली नव्हती त्यांना.

अरे देवा. ती नाडी काकांचीच. साठच्या खाली असलेल्या नाडीवर मी गोळी दिली. शिकले, पाठ केलं, दुसऱ्यांना बजावलं, आणि हेच केलं. खुर्चीत दिली काय अन् पलंगावर दिली काय, हृदय एकच होतं.

ॲम्ब्युलन्स आली. रस्त्यात अठ्ठेचाळीस होती.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आयसीयू. मानेतून तार टाकून मशीनवर ठोके चालवून राहिले. रक्तात डिगॉक्सिन भरपूर निघालं. एका गोळीचं नाही, कितीतरी जास्त. डॉक्टरांनी विचारलं, सिस्टर, किती दिल्या. मी म्हटलं, एकही नाही. स्ट्रिपा दाखवल्या. त्यांनी स्ट्रिपा पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं, प्रीतीताईंकडे पाहिलं.

सुशीलभाऊ एवढंच म्हणाले की घरी जा, आणि फोन चालू ठेवा, डॉक्टरांना काही विचारायचं असेल. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

घरी मी एकटी. मागचं दार लावलं आहे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सुट्टी. गोळीची सुट्टी. मागच्या शनिवारी परत आली होती त्यांची नाडी, म्हणून सकाळपासून फोनकडे पाहत बसले. अकराला प्रीतीताईंनी उचलला. मशीन काढलं की एकदम खाली जाते म्हणे. डॉक्टरांनी सगळ्यांना बोलवून घ्यायला सांगितलं.

म्हणजे आता सुट्टी नाही. मीच साठ भरली म्हणाले. खोटी ठरली, तर काकू ती खरी करायला —

निघून जाता येतं मला. उमरेडची बस अर्ध्या तासात. बॅग भरली, चैन लावली. मग उघडली. ते माझे पेशंट आहेत. हातावर हात ठेवून "माझं काम नाही" म्हणणारी मी नाही, असं हॉस्पिटलात किती जणींना सुनावलं होतं.

दार उघडलं. ऊन होतं. खुर्चीसमोर पाटावर बसले आणि माझा हात उताणा ठेवला.

"काकू, ते माझे पेशंट आहेत. त्यांची सोडा. माझी घ्या."

थोडा वेळ काहीच नाही. मग दोन बोटं आली मनगटावर. अंगठा नाही. बरोबर जागी.

रविवार, १६ फेब्रुवारी

फोन आला! मशीन बंद केलं, नाडी आपली आपण सत्तर! काकांनी चहा मागितला, बशीत ओतून. प्रीतीताई रडत होत्या. मीही रडले. म्हणाल्या, सिस्टर, आमचं चुकलं असेल तर — मी म्हटलं, राहू द्या ताई, त्यांना केळं द्या, नारळपाणी डॉक्टरांना विचारून द्या, वजन रोज करा.

माझी सत्तेचाळीस.

जिना चढले तर अंधारी आली. मनगट माझं उताणं, आणि मोजणारी ती. दिवसभर धरून आहे. वेणी घालताना, दात घासताना. गरम, मऊ. सोडा म्हटलं तर सोडत नाही. रागावून नाही. पेशंटला आपण सोडत नाही मिनिट पूर्ण झाल्याबिगर, तसं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

शुद्ध लिहायचं राहू दे आता.

गेटपर्यंत गेली. पुढे जाता नाही आलं. चक्कर आली, तिथंच बसली. समोरच्या बाईनं पाणी दिलं. म्हणे सिस्टर, तुमच्यासंगं कोण आहे. एकटी आहो म्हटलं. ती माझ्या बाजूले पाहून राहिली होती.

आईले फोन केला. आवाज ऐकूनच निघाली. बस पकडून येते म्हणे. येऊ नको म्हणायला पाहिजे होतं. आली तर माझा हात धरेल पहिले. हात धरू द्यायचा नाही तिले. कोणालेच —

काका उद्या वॉर्डात येतात. ब्याऐंशी. पूर्ण.

बरं झालं. खरंच बरं झालं. मी रडून नाही राहिली. मले फक्त थंडी वाजून राहिली.

सोमवार, दुपार

पाय गार. नखं निळी. स्टेथोस्कोप लावला छातीले, ऐकू येते पण माझ्या छातीतून नाही. बाजूच्या खुर्चीतून. ती वेताची खुर्ची अंगणात होती. मी नाही आणली आत.

मोजून राहिली मी. सवय. चोपन्न. सत्तावन्न —

साठ.

खरी साठ. आता गोळी हक्काची तिची. मीच बोलली होती. डबीचं झाकण उघडलेलं आहे. मी नाही उघडलं. गोळी दिली तर ठोके सावकाश होतात. माझे उरले किती —

नको काकू. आज नको. डॉक्टरले फोन करू द्या. थांबवायची असते, असं असलं तर थांबव —

वाटी वाजली.

आई फाटकाशी आली. हाक मारते. आई, हात नको लावू, आत नको —

मनगटावर बोटं ठेवली. लागत नाही. कोपरात नाही लागत. मानेवर पाहते. मानेवर हमखास लाग

तिथं पहिलेपासून दोन बोटं